मानपत्रातलं एक वाक्य

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. माझ्या बायकोला माझ्या दम्याच्या सगळ्या वेळा पाठ आहेत, कोणत्या भाजीने माझं पोट बिघडतं तेही ठाऊक आहे — हे ठाऊक नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही सांगितलं नाही. त्याला अर्धं आपणहून कळलं. उरलेलं अर्धं त्याने स्वतःच्या मनाने भरून घेतलं — चुकीचं, आणि माझ्या सोयीचं. ते मी तसंच राहू दिलं. पण ते पुढे. आधी जरा लांबून येऊ द्या मला. थेट तिथे जाऊन उभं राहण्याची हिंमत अजून होत नाही.

तुम्ही आत्ताचं पनवेल पाहिलं असेल तर माझं पनवेल तुम्हाला दिसणार नाही. बंदर आता गाळाने भरत आलंय. तेव्हा भरतीला मचवे थेट धक्क्याला लागत, मिठाच्या नि सुक्या बोंबलांच्या वासात गावाची सकाळ होई. भातगिरण्यांचा कोंडा वाऱ्यावर उडून वडाळे तलावाच्या पाण्यावर साय धरल्यासारखा बसे. बैलगाडीची चाकं करणारे सुतार रस्त्यातच चाकांच्या लोखंडी धावा तापवत, आणि कर्नाळ्याचा सुळका, आकाश स्वच्छ असलं की, कुणीतरी अंगठा दाखवतंय तसा दिसे. त्या तलावात मला पोहायला शिकवलं अब्बासने. शिकवलं म्हणजे ढकललं. मी गटांगळ्या खात वर आलो तेव्हा तो पायरीवर बसून म्हणाला, "बघ दत्तू, मेला नाय तू!" तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग त्याचे वडील गेले, आणि त्याच्या हातात पाटीऐवजी रंधा आला.

मी पुढे शिकलो, मास्तर झालो. तो एकोणिसाव्या वर्षी कराचीला गेला, गोदीत होड्या बांधायच्या कामाला. आज हे सांगताना विचित्र वाटतं, पण तेव्हा कराचीला जाणं म्हणजे रत्नागिरीला जाण्यासारखंच होतं. मुंबईला बोटीत बसायचं नि तिकडे उतरायचं. कितीतरी घरांतला एकेक माणूस तिथे होता. मग स्वराज्य आलं, मध्ये रेघ आली, आणि अब्बास रेघेच्या पलीकडे राहिला — रंधा हातात घेऊन, कामावर. त्याने काही निवडलं नव्हतं.

चार-पाच वर्षांनी त्याची आई, हलीमाचाची, अंथरुणाला खिळली. अब्बासला घरी यायचं होतं. बोटीच्या तिकिटाला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्ट माणूस जिथे आहे तिथलाच मिळणार. त्याने घेतला. घरी येण्यासाठी तो परदेशी झाला, असं म्हटलं तरी चालेल. तीन महिन्यांचा परवाना घेऊन आला, तो वाढवून घेतला, पुन्हा वाढवून घेतला. चाची उठून बसायला लागली ती त्याच्या हातचं खाऊन. दोन वर्षांत त्याने बंदरावरचे निम्मे मचवे दुरुस्त केले. आणि मग एके दिवशी मुदतवाढ नाकारल्याचा कागद आला.

त्याच सुमारास बातमी आली की न्यायखात्याचे मंत्री पनवेलला येणार. पोलिसांचं खातंही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. चोऱ्या, हातभट्ट्या, तडीपार गुंड, आणि सरहद्दीपलीकडून येऊन राहिलेली माणसं — या सगळ्याचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची एक रीत होती: सभा झाली की व्यासपीठावरच खुर्ची ओढून लोकांचे अर्ज घ्यायचे, पटलं तर तिथल्या तिथे शिफारस लिहायची.

अब्बास माझ्या ओटीवर आला. मी मास्तर झाल्यापासून तो मला चारचौघांत 'मास्तर' म्हणे, एकटे असलो की 'दत्तू'. त्या दिवशी एकटे असूनही म्हणाला, "मास्तर, तुमी लिवा. माजं अक्षर बगून सायब पळून जाईल." मी लिहिला. सांगतो, चांगला लिहिला. जन्म इथला, शाळा इथली, बाप इथल्याच कबरस्तानात, आई आजारी, कराचीत मागे कोणी नाही. ती चार पानं माझ्या मनापासून आलेली होती. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. उलट, मला सगळं माहीत होतं, एवढंच सांगतोय.

आणि मग मानपत्राचं काम आलं.

मानपत्र म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल. मोठा माणूस गावात आला की त्याची स्तुती जाड कागदावर लिहून, वाचून, नळीत घालून त्याच्या हातात द्यायची. आमच्याकडे ते लिहायचं काम माझ्याकडे असे. माझं अक्षर वळणदार, भाषा भारदस्त — असं लोक म्हणत, आणि मी ते ऐकत असे. स्वागतसमितीत ठरलं की मंत्री खादीवाले आहेत, चांदीचा करंडक त्यांना आवडायचा नाही, सागवानी नळी करावी. ती कोणी केली असेल? अब्बासने. कातून, घासून, झाकणावर फुलाची नक्षी कोरून. "नळी आवडली तर अर्जपन आवडंल," तो म्हणाला. आठ दिवस त्याच्या हाताला सागाच्या भुश्शाचा वास होता.

मी लिहायला बसलो. दौतीतली शाई तीच, अर्जाला वापरलेली. मंत्र्यांच्या धोरणाबद्दलचा परिच्छेद छान जमत होता. "आपल्या जागरूकतेमुळे चोरास वाट उरली नाही, हातभट्टीस आडोसा उरला नाही, गुंडास थारा उरला नाही —" आणि इथे मी अडलो. तीन तुकडे झाले होते. मोठ्याने वाचून पाहिलं. कानाला अपुरं वाटत होतं. तिथे चौथा हवाच होता, नाहीतर सगळा परिच्छेद तीन पायांच्या खाटेसारखा कलत होता. मी खिडकीतून बाहेर पाहिलं, लेखणी बुडवली, आणि लिहिलं: "आणि परमुलखातून येऊन राहिलेला एकही परका इसम या तालुक्याच्या हद्दीत उरला नाही."

मला कोणी सांगितलं नव्हतं ते लिहायला. समितीने नाही, कचेरीने नाही. ठेक्यासाठी लिहिलं. तुम्ही विचाराल, अब्बास आठवला नाही? आठवला. लिहिता लिहिता आठवला. मी मनाशी म्हटलं — अब्बास परका कुठे आहे? म्हणजे वाक्य खोटं नाही. पहा, माणूस स्वतःशी किती पटकन वकिली करतो.

समितीत वाचून दाखवलं तेव्हा फौजदारही आले होते. हातभट्टीचं वाक्य आलं तसे ते हसायला लागले. "मास्तर, आडोसा उरला नाही म्हणता? खाडीच्या झुडपांतून एकदा नुसतं नाकाने फिरून या!"

"अहो, मानपत्र आहे हे, पंचनामा नाही," नगराध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. चौथ्या वाक्याला कोणी हसलं नाही. कोणी काही म्हणालंच नाही. तेव्हा मला ते काढता आलं असतं. एक रेघ मारायची होती फक्त. पण ते गेलं असतं तर परिच्छेद पडला असता.

सभा शाळेच्या पटांगणावर होती. व्यासपीठाच्या फळ्या अब्बासने एका जुन्या मचव्याच्या आणून ठोकल्या होत्या; उन्हाने डांबराचा वास येत होता. मंत्री बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला ते आवडले, अजूनही आवडतात. अण्णासाहेबांनी मानपत्र वाचलं. नळी हातात घेऊन मंत्र्यांनी विचारलं, "लेखणी कोणाची?" कोणीतरी मला उठवलं. टाळ्या पडल्या. पटांगणभर टाळ्या, माझ्यासाठी, पहिल्यांदाच. मंत्री म्हणाले, "चोर, हातभट्टी, गुंड — ही तीन वाक्यं मी गावोगाव ऐकतो. चौथं इथेच ऐकलं." आणखी टाळ्या. माझी विद्यार्थिनी असलेली अण्णासाहेबांची मुलगी पुढे आली नि माझ्या कोटाला गुलाब लावून गेली.

मग त्यांनी भाषण केलं. साधं होतं. गुन्हेगार पकडला याचं मला कौतुक नाही, म्हणाले, गुन्हा करायची पाळीच येऊ नये, हे आमचं खरं काम. आणि बाहेरून आलेल्यांबद्दल म्हणाले की जो इथलाच आहे त्याला परका ठरवायला हा कायदा केलेला नाही. पण मी दूर बसतो, मला गाव दिसत नाही, गाव मला जे सांगेल तेवढंच दिसतं. हे शब्द मला असे का आठवतात, ते आता तुम्हाला कळेल.

अर्ज सुरू झाले. अब्बास पाचवा-सहावा असेल. पांढरा सदरा, डोक्याला तेल. व्यासपीठाच्या पायरीवर त्याने आधी चप्पल काढली — त्यानेच ठोकलेल्या पायरीवर.

"सायब, मी अब्बास. ती नळी मीच केली."

"सुरेख आहे," मंत्री म्हणाले, आणि अर्ज वाचू लागले. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर थांबले. "पासपोर्ट कराचीचा?"

"व्हय सायब. पन मी हितलाच हाय. त्याबिगर बोटीचं तिकीट मिळंना."

मंत्र्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ताच तुमच्या मानपत्रात ऐकलं की एकही उरला नाही. मग हे कोण?"

पटांगणात हशा पिकला. वाईट हशा नव्हता तो, जत्रेतला असतो तसा. अण्णासाहेबांचा चेहरा मात्र उतरला. फौजदार दोन पावलं पुढे आले. "सर, एवढा एकच आहे. मुदत संपलेली. कारवाई चालू आहे."

मंत्र्यांनी हात वर केला. "थांबा. मानपत्र लिहिणाऱ्याला हा माणूस ठाऊक नसेल. किंवा ठाऊक असेल, पण तो याला परका समजतच नसेल. तसं असेल तर मला तेवढंच ऐकायचंय." त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. "नात्यातलं सोडून, याला लहानपणापासून ओळखणारं कोणी आहे का इथे? उभं राहून सांगा. मी आत्ता शिफारस लिहितो."

समजलं ना तुम्हाला? त्यांनी माझी सगळी पळवाट — मी मनाशी केलेली सगळी वकिली — शब्दाला शब्द माझ्या हातात दिली होती. आणि ती पळवाट खरी होती! मी खरोखर अब्बासला परका समजत नव्हतो. फक्त उठायचं होतं. दहा पावलांवर बसलो होतो मी, पहिल्या रांगेत, गुलाब लावून.

मागून एक आवाज आला. करंजा गावचा कोणी कोळी होता, मी त्याला ओळखतही नव्हतो. "हितलाच हाय त्यो, सायब! माज्या मचव्याला त्यानंच नवा तळ दिला. आमी सांगतो ना!"

"किती वर्षं ओळखता?"

"दोन वर्सं झाली की!"

"लहानपणापासूनचं कोणी?"

तो कोळी उभा मात्र राहिला. बाकीचे सगळे — मोहल्ल्यातले, बाजारातले, शाळेतले — माझ्याकडे बघत होते, हे मला मान न वळवता कळत होतं. आम्ही तलावात बुडी मारून एकमेकांचे पाय ओढायचो हे ज्यांनी पाहिलं होतं, ते सगळे तिथे होते. ते माझी वाट बघत होते. मी उठलो की तेही उठले असते.

मी माझ्या धोतराच्या निरीकडे बघत राहिलो.

मंत्र्यांनी बराच वेळ दिला. मग अर्ज पुन्हा पाहून म्हणाले, "अक्षर छान आहे. कोणी लिहून दिला?"

तेव्हा अब्बासने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही — पोहताना मी खोल पाण्यात गेलो की तो जसा अंदाज घेई, तसं. मग मंत्र्यांकडे वळून म्हणाला, "बाजारात एक मुन्शी बसतो, सायब. नाव नाय ठावं मला."

पेनचं टोपण लागल्याचा आवाज मी ऐकला. अर्ज चिटणिसाकडे गेला. "नियमाप्रमाणे होऊ द्या," मंत्री म्हणाले. त्यांनी मानपत्राच्या नळीवर हात ठेवला होता. त्या नळीत तेच अक्षर होतं. त्यांनी ते ताडून पाहिलं असेल? माहीत नाही. त्या दिवसानंतर ते पुन्हा पनवेलला आले नाहीत, आणि मी त्यांना पत्र पाठवलं नाही. पाठवता आलं असतं. अब्बासला जायला अजून आठ दिवस होते.

आठव्या दिवशी सकाळच्या एसटीने अब्बास मुंबईला गेला, बरोबर एक शिपाई. मी वर्गात पावकी-निमकी म्हणून घेत होतो. शाळेवरून गाडी गेली तेव्हा पोरांचा आवाज मोठा होता, आणि मी तो आणखी मोठा करायला सांगितला. त्याने जाताना एक चिठ्ठी ठेवली होती, त्याच्या त्या तिसरीतल्या अक्षरात: "आईला बघ."

बघितलं मी. दोन वर्षं, दर आठवड्याला. चाचीची पत्रं मी लिहायचो, त्याची मीच वाचून दाखवायचो. ती मला तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी वाढायची, आणि तोच विषय काढायची. "दत्तू, तुजं अक्षर बगून सायबानं सोडला नाय, तर कुनाचं बगून सोडनार व्हता? आमचं नशीबच तसं." तिला सभेतलं कोणीच सांगितलं नव्हतं. गावाने मला सांभाळून घेतलं — का, कोण जाणे. मी भाकरी खायचो. अब्बासच्या प्रत्येक पत्रात शेवटी असायचं, मास्तरांना सलाम. तेवढं वाक्य मी वाचताना गाळायचो. चाचीला वाटायचं, पोरगं विसरलं.

ती गेली. तिच्या उशाशी मी होतो, तो नव्हता. ते पत्रही मीच लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते फक्त माझ्या नावावर, पहिल्यांदाच, आणि त्यात 'दत्तू' होतं. ओळी वाकड्या होत्या: "दत्तू, त्या दिवशी तू उठला असता तर तुझी नोकरी गेली असती. सरकारी माणूस तू. मला तिथंच कळलं. तू मनाला लावून घेऊ नको. आईचं केलंस तेवढं पुष्कळ."

इथे यायचं होतं मला. ते अर्धं — त्याने माझ्यासाठी भरलेलं — ते हे.

माझी नोकरी जाणार नव्हती. कोणी माझं काही करणार नव्हतं. मंत्री स्वतः विचारत होते, पेन उघडून. मी भ्यालो नव्हतो. भीती असती तर मी तुम्हाला ती सांगितली असती, मला हलकं वाटलं असतं. मी उठलो नाही कारण तासाभरापूर्वीच त्याच पटांगणात मी उभा होतो आणि टाळ्या पडल्या होत्या. आणि आता पुन्हा उभं राहून, ज्या एका वाक्याचं कौतुक झालं तेच वाक्य मी नुसतं ठेक्यासाठी घातलं, असं म्हणायचं होतं. कोटाला गुलाब होता. एवढंच. एका माणसाचं घर आणि एक गुलाब — मी गुलाब ठेवला.

मी अब्बासला उलट उत्तर लिहिलं. लिहिलं की तुझा मोठेपणा. नोकरीबद्दल काही लिहिलं नाही — हो नाही, की नाही नाही. त्याने जे मानलं ते मी मानू दिलं. नंतर पत्रं विरळ झाली, मग थांबली. तो आहे की नाही, मला ठाऊक नाही.

त्यानंतर मी अकरा मानपत्रं लिहिली. लोकांना आवडली.

मंत्र्यांच्या त्या मानपत्राची एक प्रत अण्णासाहेबांनी चौकट करून वाचनालयात लावली. मी तिथला चिटणीस आहे. संध्याकाळी कुलूप मीच लावतो. कागद पिवळा पडलाय, शाई मात्र अजून काळी आहे. चौथं वाक्य खालून सातव्या ओळीत येतं. ज्या दिवशी वाचलं गेलं त्या दिवशी ते खोटं होतं. आठ दिवसांनी खरं झालं, आणि अजून खरं आहे.